वेलणकर सगळ्यांना दिसला, कोठडीतला माणूस कोणाला दिसला?

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ १९८३ साली पडद्यावर आला. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली, तरी पोलीस खात्यातील भ्रष्टाचाराचा विषय निघाला की आपल्याकडची समीक्षक मंडळी आजही पहिले नाव याच चित्रपटाचे घेतात. घ्यावे असेच ते आहे, याबद्दल वाद नाही. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद, दिलीप चित्रे यांची चक्रव्यूहाची कविता. भाषा हिंदी असली तरी हा चित्रपट हाडामांसाने मराठीच आहे. ओम पुरी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८४ साली कार्लोव्ही व्हॅरीच्या महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच चित्रपटाला गेला. फिल्मफेअरने चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहाय्यक अभिनेता असे पाच पुरस्कार देऊन टाकले. शिवाय तो तिकीट खिडकीवरही चालला. समांतर म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या नशिबी हे क्वचितच येई.

एवढे कौतुक झालेल्या चित्रपटावर आता नव्याने काय लिहायचे, असे कोणी विचारील. मला चित्रपटापेक्षा त्याच्या कौतुकाबद्दल लिहायचे आहे. फौजदारी वकिली करणाऱ्या माणसाला एक सवय जडलेली असते. कोणी कितीही रंगवून हकिकत सांगो, तो आधी विचारतो, मयत कोण? ‘अर्धसत्य’च्या बाबतीत हा साधा प्रश्न चाळीस वर्षांत किती समीक्षकांनी विचारला?

नव्या पिढीतील ज्या वाचकांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. अनंत वेलणकर हा मुंबईतला तरुण फौजदार. बाप पोलीस खात्यातूनच निवृत्त झालेला, बायकोला मारझोड करणारा माणूस. मुलाला पुढे शिकायचे होते, बापाने त्याला खाकी वर्दीत घातले. वेलणकर प्रामाणिक आहे, धाडसी आहे. पण रामा शेट्टी नावाचा गुंड, ज्याला पुढे निवडणूक लढवायची आहे, त्याच्यावर हात टाकायला गेले की वरून फोन येतो आणि फौजदाराला मुकाट्याने माघारी फिरावे लागते. वेलणकरने जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जमा होते. तो दारू पिऊ लागतो. आणि एके रात्री दारूच्या नशेत तो लॉकअपमधल्या एका भुरट्या चोराला इतके मारतो की तो माणूस मरतो. आता नोकरी वाचवायची तर रामा शेट्टीच्याच दारात जावे लागणार. वेलणकर जातो, शेट्टी त्याच्या अगतिकतेची चव घेत मदतीचा सौदा मांडतो आणि वेलणकर त्याचा गळा दाबून त्याला ठार मारतो. मग स्वतः होऊन ठाण्यात हजर होतो.

या कथेत दोन माणसे वेलणकरच्या हातून मरतात. दुसऱ्या मरणाची चर्चा अमाप झाली. रामा शेट्टीला मारणे बरोबर की चूक, तो वेलणकरचा विजय की पराभव, कायदा हातात घेण्याचे हे समर्थन नाही का, यावर शाईचे पाट वाहिले. सदाशिव अमरापूरकरांनी शेट्टी असा उभा केला होता की ती चर्चा व्हावीच. त्याच्या आवाजातला तो थंडपणा आजही लोकांना आठवतो. पण पहिले मरण? ते वेलणकरच्या घसरणीतली एक पायरी म्हणून समीक्षेत येते. ‘व्यवस्थेने पिचलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याचा उद्रेक’ अशा थाटाचे शब्द वापरले जातात. उद्रेक! माणूस मेला त्याला उद्रेक म्हणायचे. हाच शब्द वेलणकर मेला असता तर वापरला असता का? त्या चोराचे नाव काय होते, हे चित्रपट तीनदा पाहिलेल्या माझ्या मित्रांपैकी एकालाही सांगता आले नाही. वेलणकरचे नाव, बापाचा स्वभाव, ज्योत्स्ना गोखले कोणता विषय शिकवते हेसुद्धा त्यांना तोंडपाठ.

यात दिग्दर्शकाचा दोष मला कमी दिसतो. निहलानींनी ती मारहाण देखणी केलेली नाही, तिला टाळ्या पडाव्यात अशी सोय ठेवलेली नाही. तेंडुलकरांनी तर १९७३ ते १९७५ या काळात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या हिंसेचा अभ्यास केलेला होता. पोलीस ठाणे आतून कसे चालते हे त्यांना ठाऊक होते आणि ते पटकथेत उतरले आहे. स्मिता पाटीलची ज्योत्स्ना वेलणकरपासून दूर होते, ती उगीच नव्हे. पण कॅमेरा शेवटपर्यंत वेलणकरसोबत राहतो, हेही खरे. तो वेलणकरच्या गावी जातो, त्याच्या बालपणात जातो, त्याच्या खोलीत बसतो. मेलेल्या माणसाच्या वस्तीचा रस्ता त्याला सापडत नाही. आणि समीक्षक कॅमेऱ्याच्याही एक पाऊल मागे राहिले. कवितेतला चक्रव्यूह त्यांनी उचलला, वेलणकरला अभिमन्यू केले, पौरुष आणि नपुंसकत्व यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. अभिमन्यूच्या हातून कोठडीत कोण मेला, हे महाभारतात नसल्यामुळे बहुधा कोणाला सुचले नसावे!

याच मंडळींनी तीन वर्षे आधी ‘आक्रोश’ काढला होता, १९८० मध्ये. दिग्दर्शक तेच, लेखक तेच, ओम पुरी आणि स्मिता पाटीलही तेच. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात लहान्या भिकू हा आदिवासी उभा आहे, बायकोच्या खुनाचा खोटा आरोप डोक्यावर घेऊन, तोंडातून शब्द न काढता. त्याला नाव आहे, बाप आहे, बहीण आहे. भास्कर कुलकर्णी हा नवखा वकील त्याची बाजू मांडायला धडपडतो आणि त्याला कळत जाते की गावातले प्रतिष्ठित, राजकारणी, पोलीस असे सगळे एका बाजूला आहेत. ‘आक्रोश’लाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८१ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. पण ‘अर्धसत्य’ जसा घराघरांत पोहोचला तसा तो पोहोचला नाही. मध्यमवर्गीय प्रेक्षकाला लहान्या भिकूमध्ये स्वतःला पाहता येत नव्हते, वेलणकरमध्ये येत होते. आमच्या जऊळक्यासारख्या गावात हे चित्रपट थिएटरने आले नाहीत, टीव्हीने आणले. वस्तीवरच्या ज्या म्हाताऱ्यांनी ते पाहिले, त्यांच्या लक्षात लहान्या राहिला. पुरस्कार समित्यांवर अर्थातच त्यांना कोणी बोलावले नव्हते.

आता भ्रष्टाचार या शब्दाकडे येऊ. समीक्षकांनी चित्रपटाचे दोन तुकडे केले. रामा शेट्टीचा फोन, आमदाराचा दबाव, दिल्लीतला मध्यस्थ हा झाला भ्रष्टाचार. आणि कोठडीतली मारहाण हे झाले वेलणकरचे मानसशास्त्र. पहिल्यावर राजकीय टीका करायची, दुसऱ्यावर हळहळायचे. माझे म्हणणे असे की हे दोन तुकडे मुळात वेगळे नाहीतच. माणसाला कोंडण्याचा अधिकार हे ठाण्याचे भांडवल आहे आणि लाच हे त्या भांडवलावरचे व्याज आहे. मारण्याची भीती नसती तर पैसे कोणी दिले असते? गावचा मजूर जमादाराला पाचशे रुपये देतो ते जमादार आवडतो म्हणून देत नाही.

हे मी मनचे सांगत नाही. ‘अर्धसत्य’ गाजत होता त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे एक अपील आले होते. उत्तर प्रदेशातील फतेहपूर जिल्ह्यातल्या हुसेनगंज ठाण्याचे ते प्रकरण. ब्रिजलाल नावाचा गावकरी, त्याच्यावर जनावरे शेतात शिरल्याची किरकोळ तक्रार. त्या निमित्ताने पोलिसांनी शंभर रुपये मागितले. ब्रिजलालने काय करावे? त्याने पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार केली. कायदा माणसाला जे करायला सांगतो तेच त्याने केले. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याला ठाण्यात नेले आणि त्याला एवढे मारले की तो मेला. सत्र न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि जानेवारी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. निकालपत्रात न्यायालयाने सरकारला सुचवले की कोठडीत काय घडले ते फक्त पोलिसांनाच माहीत असते, साक्षीदार तेच असतात आणि आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध ते बोलत नाहीत. तेव्हा पुराव्याच्या ओझ्याचा कायदा बदलण्याचा विचार करावा. शंभर रुपयांची लाच आणि कोठडीतला मृत्यू एकाच निकालपत्रात, एकाच माणसाच्या अंगावर. रामा शेट्टी नाही, आमदार नाही, फोन नाही.

विधी आयोगाने त्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपला ११३ वा अहवाल दिला. पुरावा कायद्यात ११४-ब हे नवे कलम घाला, अशी त्याची शिफारस होती. पोलीस कोठडीत असताना माणसाला इजा झाली असेल तर ती त्या पोलीस अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, एवढीच साधी गोष्ट. ते कलम आले नाही. १९९४ साली आयोगाने पुन्हा सांगितले, तरी आले नाही. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायदाच मोडीत काढून भारतीय साक्ष्य अधिनियम आणला, नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले. हे कलम त्यातही नाही. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता देण्याचे काम राहूनच गेले. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले.

महाराष्ट्रातले उदाहरण हवे तर ‘अर्धसत्य’च्याच वर्षाचे आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचे प्रकरण मथुरा प्रकरण म्हणून ओळखले जाते. नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती होती, असा तो युक्तिवाद. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर महिला रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. म्हणजे ज्या वर्षी समीक्षक वेलणकरच्या मनाचा तळ शोधत होते, त्याच वर्षी संसदेला पोलीस ठाण्यातल्या पीडितेचा विचार करणे भाग पडले होते. या दोन गोष्टींची सांगड घालणारा लेख निघायला काय हरकत होती? मथुरेची जमात आणि कोठडीत मेलेल्या त्या चोराची झोपडपट्टी यांच्यात फार अंतर नाही.

याचा अर्थ खाकी वर्दीतला प्रत्येक माणूस आपला शत्रू, असे कोणी समजू नये. आमच्या मालेगाव तालुक्यात (नाशिकचे मालेगाव नव्हे, वाशीम जिल्ह्यातले) पहाटे पाचला रस्त्याने निघा. वस्तीवरची पोरे-पोरी पोलीस भरतीसाठी धावताना दिसतील, सोळाशे मीटरची वेळ मोबाईलवर मोजत. त्यांच्या आईबापांनी शेतमजुरीच्या पैशातून बूट घेऊन दिलेले असतात. ही जागा आपल्याला सहज मिळालेली नाही. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते, तेव्हा अस्पृश्यांना पोलिसात घ्यावे की नाही हाच मुळी वादाचा मुद्दा होता. अस्पृश्याचा हात लागलेला कैदी बाटेल, ही त्या काळची चिंता! बाबासाहेबांनी पुढे वारंवार लिहिले की कायदा कितीही चांगला असो, तो राबवणारा अंमलदार अत्याचार करणाऱ्याच्याच जातीचा असेल तर अस्पृश्याला न्याय मिळणे कठीण. म्हणून आपली मुले तिथे गेली पाहिजेत.

पण ती तिथे गेल्यावर त्यांचे काय होते? ‘अर्धसत्य’च्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मुंबईतल्या पोलीस शिपायांनी बंड केले होते. कामाचे तास, पगार, राहण्याच्या खोल्या, साहेबांच्या घरची हमाली यांवर त्यांची संघटना बोलत होती, सरकारने ती मोडली, शहरात लष्कर आणावे लागले, कित्येक शिपाई बडतर्फ झाले. इतकी मोठी घटना, पण पोलिसांवरच्या चित्रपटांत शिपाई अजूनही सॅल्यूट ठोकतो, चहा आणतो आणि साहेबाने सांगितले की पट्टा आणून देतो. कोठडीत मारणारा हात पुष्कळदा त्याचा असतो आणि हुकूम दुसऱ्याचा. खटला उभा राहतो तेव्हा आरोपीच्या यादीत खालची नावे आधी दिसतात. आपल्या भरतीवाल्या पोरांना हे कोणी तरी सांगितले पाहिजे, कारण प्रशिक्षणात ते सांगत असतील असे मला वाटत नाही.

‘अर्धसत्य’नंतर हिंदी पडद्यावरचा फौजदार हळूहळू शंका घ्यायचे विसरला. मुंबईत चकमकींचे युग आले, चकमकफेम अधिकाऱ्यांवर चित्रपट निघाले, २०११ साली ‘सिंघम’ आला. वेलणकर कोठडीत मारतो आणि खचतो. सिंघम मारतो आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. त्यावर एक चांगले परीक्षण लिहिले गेले, आणि तेही एका न्यायमूर्तींकडून. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की ‘सिंघम’सारखे चित्रपट फार घातक संदेश देतात, न्यायाधीश भित्रे आणि जाड भिंगांचा चष्मा लावलेले दाखवायचे, आणि न्याय एकटा पोलीस करतो असे भासवायचे. चित्रपटाच्या पानावर तारे वाटणाऱ्यांनी ते वाचावे. पटेलसाहेबांच्या म्हणण्याला मी एवढेच जोडीन की सिंघमची बीजे ‘अर्धसत्य’मध्ये नव्हती, ती ‘अर्धसत्य’च्या कौतुकात होती. अधिकारी प्रामाणिक असला की त्याच्या हातून मेलेल्याचा हिशेब मागायचा नाही, हे प्रेक्षकाला तिथेच शिकवले गेले.

अटक झालेल्या माणसाचा हिशेब मागण्याची व्यवस्था कोणी केली, हे या वर्तमानपत्राच्या वाचकांना निराळे सांगायला नको, तरी तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. संविधान सभेने जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’चे संरक्षण वगळले, त्यामुळे अस्वस्थ झालेल्या बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी १५-अ हे नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. या तरतुदी फौजदारी संहितेत आधीपासून होत्या, पण विधिमंडळाला साध्या बहुमताने त्या पुसून टाकता आल्या असत्या. बाबासाहेबांनी त्या संविधानात बसवल्या. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे अकरा निर्देश दिले, म्हणजे अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, ते याच कलमाच्या पायावर उभे आहेत. २०२० साली प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, सीसीटीव्ही लावण्याचा आदेश झाला. वेलणकरच्या लॉकअपमध्ये कॅमेरा असता तर तो निहलानींपेक्षा वेगळ्या बाजूने चित्रण करणारा असता. अर्थात तो चालू असता तर! फुटेज मागायला गेले की कॅमेरा नेमका त्याच आठवड्यात बंद पडलेला असतो, हा आम्हा वकिलांचा नित्याचा अनुभव.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमधून धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा पस्तीस वर्षांचा तरुण होता. आधी पीसीआर, मग एमसीआर, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण आले. विधानसभेत मात्र सांगण्यात आले की त्याने मॅजिस्ट्रेटपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि त्याला श्वसनाचा आजार होता. मॅजिस्ट्रेटने चौकशी केली, अहवाल दिला, तरी गुन्हा नोंदला जाईना. आईने याचिका केली, बाळासाहेब आंबेडकर स्वतः वकिलाचा गाऊन घालून उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला हात हलवत परत आले. नुसता एफआयआर नोंदवून घ्यायला एका आईला साडेसात महिने आणि दोन न्यायालये लागली. ही कहाणी पडद्यावर येईल तेव्हा ती कोणाची म्हणून येईल? एखाद्या ‘कोंडी झालेल्या’ अधिकाऱ्याची की त्या आईची?

दक्षिणेत हा प्रयोग झाला आहे. १९९३ साली तमिळनाडूतल्या कम्मापुरम ठाण्यात राजाकण्णू या कुरवन जमातीच्या माणसाचा मृत्यू झाला, त्याच्या पत्नीने लढा दिला आणि के. चंद्रू या वकिलांनी, जे पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तो न्यायालयात चालवला. त्यावर २०२१ साली ‘जय भीम’ निघाला. गल्लीतल्या पोरांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांनी तो पाहिला. वाद कशावर झाला? भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर, आणि हिंदी बोलणाऱ्याला मारलेल्या एका थपडेवर! ठाण्यात चाललेल्या अमानुष मारहाणीवर कोणाच्या भावना दुखावल्याचे ऐकिवात आले नाही. तरीही त्या चित्रपटाने एक गोष्ट केली: मेलेल्या माणसाची बायको कथेच्या मध्यावर आणून बसवली. माझ्या मते नायक सूर्या नाहीच, ती आहे.

आणि शेवटी ‘संतोष’. संध्या सूरी या ब्रिटिश-भारतीय दिग्दर्शिकेचा हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, ऑस्करसाठी ब्रिटनने तो आपली प्रवेशिका म्हणून पाठवला. नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी शिपाई झालेली एक तरुण विधवा, एका दलित मुलीचा खून, त्यासाठी पकडलेला एक मुसलमान पोरगा आणि कोठडीत त्याचे होणारे हाल. मारणाऱ्या हातांत नायिकेचेही हात आहेत आणि चित्रपट तिला माफी देत नाही. ‘अर्धसत्य’च्या समीक्षेत चाळीस वर्षे जो प्रश्न राहून गेला, तो इथे पडद्यावरच विचारला आहे. सेन्सॉर मंडळाने एवढे कापायला सांगितले की दिग्दर्शिकेने त्याला नकार दिला, आणि मार्च २०२५ मध्ये भारतातले प्रदर्शन अडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ओटीटीवर येणार असे जाहीर झाले, तेही थांबले.

‘अर्धसत्य’मध्येही फौजदार कोठडीत माणूस मारतो, राजकारणी त्याला वाचवायला निघतात, आयुक्त गुंडासाठी फोन करतो. खात्याची अब्रू त्यात काही कमी जात नाही. त्याला प्रमाणपत्र मिळाले, सरकारने पुरस्कारही दिले. दोन्ही चित्रपटांत कोठडी तीच आहे, मारहाण तीच आहे. फरक इतकाच की ‘संतोष’मध्ये मेलेल्या मुलीला जात आहे, मेलेल्या मुलाला धर्म आहे.